मुक्या जीवांचे वकीलपत्र



महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या शिवमंदिरात गेले की नंदीच्या जवळपास, फरशीत बसवलेले दगडी कासव दिसते. भाविक त्याला स्पर्श करतो, तोच हात कपाळाला लावतो आणि गाभाऱ्याकडे वळतो. कूर्मावताराची कथा घराघरांत सांगितली जाते. आणि याच भूमीच्या किनाऱ्यावर, रात्री समुद्रातून अंडी घालण्यासाठी येणाऱ्या जिवंत कासवाचे घरटे पहाटे उकरले जाई. अंडी खाल्ली जात, विकली जात. त्यात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती. गरिबी होती, सवय होती. दगडातले कासव पूज्य होते. वाळूतल्या कासवाची बाजू मांडणारे कोणी नव्हते.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे गाव म्हणून इतिहासप्रेमींना परिचित आहे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांची पाहणी करीत या किनाऱ्यावर आले. शोध गरुडाचा होता. वाळूत सापडली ती ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यांची टरफले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचे नाव आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीला बसते. कायद्याचा बडगा दाखवून मोकळे होणे सोपे होते. पण खटल्याने माणूस गप्प बसतो, पटवून घेत नाही. गावाशी बोलण्याचा मार्ग निवडला गेला. तो लांबचा होता आणि, पुढे दिसून आले त्याप्रमाणे, टिकाऊही.

ही राखण कशी चालते, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. मादी रात्री किनाऱ्यावर चढते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थोपटून सपाट करते आणि समुद्रात परतते. पिल्लांची आणि तिची भेट कधीच होत नाही. मागे उरतो तो वाळूवरचा रुंद माग. भरतीने किंवा वाऱ्याने तो पुसण्यापूर्वी माणूस पोहोचला पाहिजे. कारण कोल्हा आणि कुत्रा हेही माग वाचतात. अंडी काढून कुंपणाआड, तेवढ्याच खोलीच्या आणि तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवायची, तीही फार न हलवता. मग पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांची प्रतीक्षा. हे काम शहरातून शनिवार-रविवारी येणाऱ्या उत्साही मंडळींचे नव्हे. रोज पहाटे, हिवाळ्यात, अख्खा किनारा पायाखाली घालणारा माणूस गावातलाच हवा. जी नजर पूर्वी अंडी काढण्यासाठी वाळूवर फिरे, तीच राखणीला उपयोगी पडते. गावातल्या तरुणांना मानधन देऊन ‘कासवमित्र’ नेमले गेले, आणि २००६ पासून पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे आले, ते गावकऱ्यांच्या घरी उतरले, पानावर घरचे जेवण जेवले. कासवाचे चार पैसे आता अंड्याच्या विक्रीतून नव्हे, त्याच्या जगण्यातून मिळू लागले.

पैशाचा उल्लेख झाल्यावर काही सात्त्विक मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. निसर्गप्रेम निरपेक्ष असावे, असे त्यांना वाटते. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने ते जरूर निरपेक्ष ठेवावे. मात्र एक धोका खरा आहे. पिल्लू हातावर घेऊन छायाचित्र काढण्याचा हट्ट, किनाऱ्यावर लखलखाट करणारे दिवे, हे पाहुण्यांसोबतच येते. पिल्लू रात्री उजेडाच्या दिशेने चालते. स्वाभाविक स्थितीत तो उजेड समुद्रावरचा असतो. हंगामात समुद्राकडचा दिवा मालवणे ही किनाऱ्यावरील प्रत्येक घराला जमणारी गोष्ट आहे.

पण गावाने राखलेल्या घरट्यांपेक्षाही एक गोष्ट दूरवर पोहोचते, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. ती म्हणजे नोंदवही. घरटे कोठे, कोणत्या तारखेस, अंडी किती, पिल्ले किती. २०१९च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात. या क्षेत्रांचे आराखडे अंतिम होण्यापूर्वी जनतेच्या हरकती मागवल्या जातात. ज्या किनाऱ्याची वही आहे, त्याच्या बाजूने कागद बोलतो. जिची वही नाही ती जागा नकाशावर नुसती वाळू ठरते. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि तिथे लेखी निवेदन देण्याचा अधिकार शेतकरी, शिक्षक, गृहिणी अशा कोणालाही आहे. भावनेने भरलेल्या भाषणापेक्षा पाच वर्षांच्या तारखा त्या ठिकाणी अधिक वजनदार ठरतात. २००२च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. आपल्या गावची वही कोठे आहे, ती कोणी भरली, हा प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारायला पदवी लागत नाही. किनारा नसलेल्या गावात तळे असते, देवराई असते, सुगरणीची घरटी लोंबणारी विहीर असते. वडाच्या एका झाडावरच्या वटवाघळांची मोजदादही चालते.

नोंदीचे सामर्थ्य जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर दिसले. अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांना धातूच्या खुणेच्या पट्ट्या होत्या. क्रमांक ०३२३३. शोध घेतल्यावर कळले की ही पट्टी मार्च २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओडिशाच्या किनाऱ्यावर लावली होती. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा सागरी प्रवास करून ती कोकणात आली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे एकमेकांपासून वेगळी, हा समज त्या एका आकड्याने ढवळून निघाला. ओडिशात कोणीतरी आकडा लिहून ठेवला होता, आणि गुहागरात तो वाचणारे कोणीतरी त्या वेळी वाळूवर हजर होते.