ट्रॅक्टर, ट्रेलर आणि वेगाची मर्यादा

(ऊसगळीत हंगामाच्या तोंडावर शेतकरी, वाहनचालक, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या सभांतून वाचण्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी आटोपली की निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातील रस्त्यांचे रूप पालटते. फडात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात, कारखान्यांचे भोंगे वाजू लागतात आणि वेदगंगा-दूधगंगेच्या काठची गावे रात्री-अपरात्री ट्रॅक्टरच्या आवाजाने जागी राहतात. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा हे अलीकडचे कारखाने. सीमेपलीकडे कागल आणि बिद्रीचे कारखाने आहेतच. ऊस राज्याची हद्द ओळखत नाही. जेथे आधी तोड मिळते तेथे तो जातो. त्याच्याबरोबर केए-२२, केए-२३ आणि एमएच-०९ अशा क्रमांकांची वाहने एकाच रांगेत उभी राहतात. या साऱ्या वाहतुकीचा फार मोठा भाग ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडलेल्या एक किंवा दोन ट्रेलरवर, म्हणजे आपल्या बोलीतील ट्रॉल्यांवर, अवलंबून आहे. आजचा विषय या जोडवाहनाचा वेग हा आहे.

पुष्कळांना असे वाटते की, वेगमर्यादेचे नियम मोटारींसाठी आणि ट्रकसाठी असतात. बिचारा ट्रॅक्टर तो किती धावणार! वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. इतिहास पाहिला तर यांत्रिक वाहनांवरील वेगमर्यादेचे अगदी आरंभीचे कायदे झाले ते मालाच्या गाड्या मागे जोडून ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना डोळ्यांसमोर ठेवूनच. इंग्लंडमध्ये १८६५ साली झालेल्या कायद्याने अशा इंजिनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल एवढीच मुभा दिली. पुढे तांबडे निशाण घेऊन एक माणूस पायी चालला पाहिजे, आणि दोनपेक्षा अधिक गाड्या जोडल्या असतील तर त्यांच्यावर देखरेखीला आणखी एक माणूस ठेवला पाहिजे, अशी सक्ती होती. आज हे वाचून हसू येते. परंतु मागे जोडलेली गाडी ही पुढच्या गाडीपेक्षा वेगळी वागते, तिच्यावर स्वतंत्र लक्ष ठेवावे लागते, ही गोष्ट त्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या अनुसूचीत हाच विचार आढळतो. वाहनाची चाके हवेच्या टायरची आहेत काय, आणि ते ट्रेलर ओढीत आहे काय, या दोन प्रश्नांवर मर्यादा ठरे. हा कायदा जाऊन १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्या वर्षीच्या केंद्रीय अधिसूचनेत एकच ट्रेलर ओढणाऱ्या आणि सर्व चाकांना हवेचे टायर असलेल्या वाहनांची वर्गवारी होती. हलक्या वाहनामागे ८०० किलोपर्यंत भारित वजनाचा दुचाकी ट्रेलर असेल तर ताशी ६० किलोमीटर, ट्रेलर त्याहून जड असेल तर ५०, आणि ओढणारे वाहनच जड वर्गातील असेल तर ४०. हे आकडे एका ट्रेलरसाठी होते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन ट्रॉल्यांची जी जोडगाडी आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसते, ती या सवलतीत बसतच नव्हती.

पुढे एप्रिल २०१८ मध्ये केंद्र शासनाने वेगमर्यादांचा नवा तक्ता काढला. चौपदरी दुभाजित रस्त्यावर मोटारीला १००, मालवाहू वाहनाला ८०, इतर रस्त्यांवर मालवाहू वाहनाला ६० किलोमीटर अशी त्याची मांडणी आहे. ट्रॅक्टर-ट्रेलरसाठी या तक्त्यात वेगळा रकाना नाही. एवढ्यावरून काही चालक असा निष्कर्ष काढतात की, आपल्याला मर्यादाच नाही. हा गैरसमज धोक्याचा आहे. कायद्याच्या कलम ११२ अन्वये राज्य शासन किंवा त्याने नेमलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर, पुलावर किंवा विशिष्ट वर्गाच्या वाहनांवर कमी मर्यादा घालू शकतो; तशी पाटी लावली की ती बंधनकारक होते. कलम १८४ तर याच्याही पुढे जाते. पाटीवर कोणताही आकडा असो वा नसो, त्या ठिकाणची परिस्थिती आणि रहदारी पाहता वेग धोक्याचा ठरला, तर तो गुन्हा आहे. वीस टन ऊस घेऊन उतारावरून ताशी ३० किलोमीटरने येणे हे या कलमात सहज बसते.

आता ट्रॅक्टरकडे वळू. बहुतेक ट्रॅक्टर वरच्या गियरमध्ये ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच धावतो. कागदावरची ४० किंवा ५० ची मर्यादा त्याला सपाट रस्त्यावर ओलांडता येत नाही. मग अपघात का होतात? कारण ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन आणि मागचे ओझे कित्येकदा पंधरा-वीस टन. ब्रेक मात्र मुख्यतः ट्रॅक्टरच्याच मागच्या दोन चाकांना! अनेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, असले तरी ते जोडलेले नसतात. म्हणजे दोन माणसांच्या ताकदीने वीस माणसांची झुंड थोपवावयाची. त्यात वेग दुप्पट झाला की गाडीतील जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो आणि थांबण्यास लागणारे अंतरही त्याच मानाने वाढते. ताशी २० च्या वेगात चालकाने ब्रेकवर पाय ठेवावयाच्या आत, एका सेकंदात, गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. ४० च्या वेगात ११ मीटर. उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सोडला की हा चाळीसचा वेग हां हां म्हणता येतो.

न्यूट्रलची ही सवय विशेष घातक आहे. चार पैशांचे डिझेल वाचते म्हणून तवंदी घाटासारख्या उतारावर गियर काढला जातो. इंजिनाचा अडसर गेला की सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलू लागते. ट्रॅक्टर जरा तिरका असेल तर हा धक्का त्याला आडवा फिरवितो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. घाट उतरताना जो गियर चढताना लागतो तोच उतरताना ठेवावा, आणि तो उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा, हे जुन्या चालकांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. चढावर वेगळाच प्रकार घडतो. दुचाकी ट्रॉलीत ऊस पुढच्या बाजूस जास्त भरला, किंवा दांडा ट्रॅक्टरला उंचावर जोडला, तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन उचलली जातात. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते.

आणखी एक बारीक गोष्ट अपघातानंतरच्या तपासणीत पाहण्यासारखी असते. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्या चाकाचे वेगळे. शेतात सरीच्या टोकाला आखूड वळण घेण्यासाठी ही सोय आहे. रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडल एकमेकांना जोडणारी खिट्टी बसवावयाची असते. नांगरट करून सरळ कारखान्याच्या वाटेला लागलेला चालक ती विसरतो. मग घाईत एकाच पेडलवर पाय पडतो, एकच चाक अडते आणि ओझ्यासह सारी गाडी त्या बाजूला खेचली जाते. वेग कमी असेल तर ती रस्त्याच्या कडेला उतरते, जास्त असेल तर उलटते. पाच सेकंदांचे काम, पण त्याची आठवण करून देणारा मनुष्य फडात कोणी नसतो.

वेगाचा विचार करताना दुसऱ्यांच्या वेगालाही विसरून चालत नाही. पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीजवळून जातो. त्याच्यावर ताशी १०० ने येणाऱ्या मोटारीला ताशी २० ने चाललेली ट्रॉली ही जवळजवळ उभ्या भिंतीसारखीच. मोटार त्या भिंतीकडे दर सेकंदाला सुमारे २२ मीटर या गतीने धावते. ट्रॉलीला मागे दिवा नाही, तांबडा परावर्तक नाही, असलाच तर लोंबणाऱ्या उसाने आणि वाढ्याने झाकलेला. मंद दिव्यात ती ६० मीटरवरून दिसली, तर मोटारचालकाच्या हाती तीन सेकंदही उरत नाहीत. दुचाकीस्वाराची अवस्था याहून वाईट, कारण त्याचा दिवा अंधूक आणि डोके उसाच्या टोकांच्या पातळीवर. वाहन हळू चालविणे हे पुण्य खरे, पण न दिसता हळू चालविणे हे निम्मेच पुण्य! ट्रॉलीच्या मागच्या फळीवर आणि दोन्ही बाजूंना परावर्तक पट्ट्या लावणे, आणि ऊस भरून झाल्यावर मागे जाऊन त्या दिसतात की नाहीत हे पाहणे, एवढे तरी प्रत्येक खेपेला झाले पाहिजे.

चालकालाच सारा दोष देणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. त्याची मजुरी खेपेवर किंवा टनावर ठरते. वाहनमालकाच्या डोक्यावर ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता असतो. कारखान्याच्या आवारात नंबरासाठी दहा-बारा तास ताटकळल्यावर, हातून गेलेली खेप रस्त्यावर भरून काढण्याचा मोह त्याला होतो. शेतकऱ्यालाही तुटलेला ऊस वाळून वजन घटण्याची धास्ती असते. म्हणून वेग कमी करण्याचा एक उपाय रस्त्यावर नसून वजनकाट्याजवळ आहे. तोडीचा कार्यक्रम गव्हाणीच्या क्षमतेशी जुळता ठेवला आणि रांग आखूड राहिली, तर घाट उतरताना न्यूट्रल करणारे हात आपोआप थांबतील. कारखान्यांच्या गट कार्यालयांनी आणि परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनी हंगामापूर्वी एकत्र बसून या गोष्टीचा विचार करणे, नुसत्या दंडाच्या पावत्या फाडण्यापेक्षा अधिक फलदायी ठरेल.

दंड मात्र आहे, आणि तो लहान नाही. नोंदणी पुस्तकात दिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त भार वाहिल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कलम १९४ अन्वये २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये एवढा दंड कायद्यात लिहिलेला आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यास आहे. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी लागते, हेही पुष्कळांच्या गावी नसते. मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्यामुळे कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून तो बदलत नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे १९८९ चे राज्य नियम निराळे आहेत, म्हणून सीमेपलीकडे खेप नेणाऱ्याने दोन्हींकडील पाट्या पाळाव्यात.

बंद पडलेले वाहन दोर लावून ओढण्याचा प्रसंगही हंगामात वारंवार येतो. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांनी अशा वेळी ताशी २४ किलोमीटरची मर्यादा घातली होती. दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावे आणि दोर इतरांना स्पष्ट दिसावा, असेही त्यांत होते. २०१७ च्या विनियमांनी त्या नियमांची जागा घेतली, तरी हे तत्त्व बदललेले नाही.

विम्याविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण घराचे घरपण येथेच मोडते. ट्रॅक्टरला आसन एकच असते. तरी चिखलरोधकावर दोघे-तिघे, ट्रॉलीत उसावर टोळीची बायकापोरे आणि यात्रेच्या दिवसांत तर पाटाभर माणसे बसलेली दिसतात. अपघात झाल्यावर विमा कंपनी अशा प्रवाशांची जबाबदारी नाकारते आणि न्यायालयांनीही अनेकदा तो आक्षेप ग्राह्य धरला आहे. मग भरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीवर येतो. ज्याचा माणूस गेला तोही उघडा पडतो, आणि ज्याचा ट्रॅक्टर तोही.

शेवटी शिक्षकांशी थोडे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांच्या मांडीवर बसून ट्रॅक्टर शिकतो आणि एके दिवशी ट्रॉलीसह एकटाच गावातून जातो. गाव कौतुक करते. कायदा मात्र अठरा वर्षांखालील मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकास किंवा मालकास जबाबदार धरतो, आणि २०१९ पासून कलम १९९-अ अन्वये त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पालकसभेत हे एकदा स्पष्टपणे वाचून दाखवावे. त्याहून लहान मुलांची एक जुनी खोड आहे. शाळा सुटली की गतिरोधकाजवळ किंवा चढावर मंदावलेल्या ट्रॉलीमागे धावून ऊस ओढावयाचा. मोळी आवळलेली असते, ऊस एकदम सुटत नाही, पोर लोंबकळते आणि मागून दुसरी ट्रॉली येत असते. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांड्यावर पाय ठेवून चढणारी मुलेही आढळतात. चालकाला हे आरशात दिसत नाही. बहुतेकांच्या आरशाची जागा उसाने व्यापलेली असते. ज्या शाळा कारखान्याच्या वाटेवर आहेत, तेथे हंगामाचे चार-पाच महिने सुटीच्या वेळी एक शिक्षक रस्त्याच्या कडेला उभा राहावा आणि ग्रामपंचायतीने शाळेच्या दोन्ही अंगांना वेगमर्यादेची पाटी लावण्याबाबत संबंधित अधिकाऱ्यांकडे हंगामापूर्वीच लेखी मागणी करावी.