सरांना द्यायचे राहिलेले उत्तर

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



दहावीत विज्ञानाच्या तासाला सर उत्क्रांती शिकवत होते. मी उभा राहून विचारले, "सर, नव्या प्रजातीचा पहिला पक्षी जन्मला, तर त्याने जोडीदार कुठून आणायचा?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "वधू-वर सूचक मंडळातून!" सगळा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मला नीट सांगता येणार नाही. तू शोध आणि मला सांग." आज सर समोर बसले आहेत, म्हणून सांगतो.

गोम माझ्या प्रश्नातच होती. असा 'पहिला पक्षी' कधी नसतोच. बदल एका पिल्लात होत नाही, अख्ख्या समूहात पिढ्यान् पिढ्या होत जातो.

हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीत येणारा हिरवट वटवट्या घ्या. चिमणीहून लहान पक्षी. त्याची वीण हिमालयापासून सायबेरियापर्यंत, तिबेटच्या पठाराभोवती कड्यासारख्या पसरलेल्या जंगलांत होते. हिमालयाकडून काही पक्षी पश्चिमेच्या वाटेने उत्तरेला पसरले, काही पूर्वेच्या. गाणे थोडेथोडे बदलत गेले, पण शेजाऱ्याचे गाणे शेजाऱ्याला कळत राहिले. सायबेरियात दोन्ही टोके भेटली तेव्हा मात्र गाणी फार वेगळी झाली होती. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या नरांना ध्वनिमुद्रित गाणी ऐकवली. एका टोकाचे नर दुसऱ्या टोकाच्या गाण्याची दखलच घेत नव्हते. हा अभ्यास २००१ मध्ये 'नेचर'मध्ये आला. गाणे ओळखीचे नसेल, तर जोडी जमणार कशी?

अर्थात गोष्ट इतकी सरळ नाही. २०१४ च्या जनुकीय अभ्यासात दिसले, की हे कडे पूर्वी मधूनमधून तुटले होते आणि दोन्ही टोकांत थोडा संकरही झाला होता. वेगळेपणाची भिंत एका दिवसात उभी राहत नाही.

काही वेळा जोडी जमते, पण अडचण पुढे येते. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. बीजपेशी तयार होताना त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर सहसा वांझ असते.

सर, उत्तर एवढेच. त्या दिवशी तुम्ही "खाली बस" म्हणाला असतात, तर मी कायमचाच खाली बसलो असतो. पुढे मीही तीस वर्षे शाळेत शिकवले. उत्तर येत नसे, तेव्हा मुलांना तुमचेच वाक्य सांगितले. त्यांतली काही शोधून परतही आली.