सर्वज्ञ परमेश्वर व आपलें कर्तव्य
(दुष्काळ-निवारण मंडळाच्या वर्गणीदारांच्या सभेंत झालेलें भाषण)



मंडळाचा जमाखर्च चिटणिसांनीं आपणांपुढें आतांच वाचला. त्यांत भर घालण्याचें आम्हांस कारण नाहीं. परमेश्वर आपलें सर्व जीवन जाणतो, आपली गरज आपण बोलून दाखविण्यापूर्वींच त्याला ठाऊक असते, ह्या श्रद्धेविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस मंडळाची आज्ञा आहे. दुष्काळाच्या सभेंत हा विषय कशाला, असें कोणास वाटेल. आमच्या मतें येथें तोच अगोदर निघाला पाहिजे. ‘देवाला सारें ठाऊक आहे’ हें वाक्य दुष्काळांत दोन प्रकारचीं माणसें बोलतात. एक उपाशी असतो. दुसऱ्याचें पेंव भरलेलें असतें. शब्द तेच असले तरी अर्थ एक नव्हे. तो भेद आपणांपुढें मांडावा एवढाच आमचा हेतु आहे.

ही श्रद्धा कोणा एका पंथाची नव्हे. उपनिषदांनीं परमेश्वरास साक्षी व अंतर्यामी म्हटलें आहे. पारशी बंधूंच्या अहुर मझ्द ह्या नांवांतच ज्ञानाचा अर्थ आहे. मुसलमान बंधु ईश्वराचीं जीं नांवें घेतात, त्यांत सर्व जाणणारा असें एक आहे व अन्न पुरविणारा असेंही एक आहे. येशू ख्रिस्तानें डोंगरावरील प्रवचनांत आपल्या शिष्यांस ह्याच अर्थाचा धीर दिला. ह्या मंडळाच्या वर्गणीदारांत सर्व धर्मांचे लोक आहेत. ह्या एका बाबतींत त्यांच्यामध्यें वाद नाहीं.

आम्ही वकिलीच्या धंद्यांत केस पांढरे केले. न्यायकचेरींत जें शाबीत होतें तेवढेंच खरें. खत हरवलें कीं कर्ज बुडालें. साक्षीदार फुटला कीं सत्य लंगडें झालें. न्यायाधीश कितीही सज्जन असो, जें दप्तरांत नाहीं तें त्याला दिसत नाहीं. अशा जागीं आयुष्य घालविणारास ‘सर्वसाक्षी’ ह्या शब्दाची थोरवी विशेष कळते. ज्याच्यापुढें अर्ज करावा लागत नाहीं, दाखला जोडावा लागत नाहीं, आणि जो मुदत टळली म्हणून कोणाचा दावा काढून टाकीत नाहीं, असा एक जाणता आहे, हा विचार मनुष्यास मोठा आधार देतो.

दुष्काळांत हा आधार सर्वांत अधिक कोणास लागतो? जो मागावयास दारीं येतो, त्याची गरज निदान आपल्या डोळ्यांना दिसते. परंतु ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यास वाढलें, आणि आज ज्यांच्या कणगींत दाणा नाहीं, अशीं अब्रूदार घरें गांवोगांव असतात. तेथील माउली शेजाऱ्यास कळूं नये म्हणून रिकाम्या चुलीवर आधण ठेविते. ती कोणाच्या यादींत नसते. तिनें ‘देवाला ठाऊक आहे’ म्हणावें, आणि त्या बळावर आणखी एक दिवस धीर धरावा. तिच्या तोंडीं हें वाक्य पवित्र आहे. त्यास नांव ठेवण्याचा कोणास अधिकार नाहीं.

ह्या श्रद्धेचा एक थोर साक्षीदार आपल्याच प्रांतांतला, व धंद्यानें ह्या सभेंतील मंडळींचाच भाऊबंद होता. देहूच्या तुकाराम महाराजांचें घराणें वाणिज्य व सावकारी करणारें. १६३० सालीं दख्खनेंत जो घोर दुष्काळ सुरू झाला, त्यांत त्यांची पहिली पत्नी व मुलगा हीं दोघें गेलीं, आणि व्यापार बुडाला. अशा माणसानें विठ्ठलावर भार टाकला, तो सुखवस्तु माणसाचा सोयीचा भरंवसा नव्हता. परंपरा असें सांगते कीं, घरांतील कर्जखतांचे त्यांनीं दोन भाग केले. एक धाकटे बंधु कान्होबा ह्यांस दिला, आणि स्वतःचा भाग इंद्रायणींत सोडला. देण्याघेण्याचा व्यवहार जाणणारांनीं ही गोष्ट बारकाईनें पाहावी. वैराग्याच्या भरांतही त्यांनीं भावाच्या वाट्यास हात लावला नाहीं. आपला वाटा देवावर सोडावयाचा असेल तर खुशाल सोडावा. दुसऱ्याचा वाटा देवावर सोडण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आजच्या भाषणाचें सार आमच्या मतें एवढेंच आहे.

आतां एक कठीण प्रश्न. परमेश्वर जाणतो, तर माणसें अन्नावांचून कां मरतात? अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व निष्ठावान गृहस्थ होते. तीर्थयात्रा, पुराणकथन व दानधर्म ह्यांत त्यांनीं आपलें द्रव्य वेंचलें. देवावरील त्यांच्या भरंवशांत कांहींही उणें नव्हतें. तरी १८७४ सालीं दक्षिणेकडील दुष्काळांत ते गेले. त्यांच्या मागोमाग पत्नी गेली, आणि पुढें एक मुलगीही गेली. मागें राहिलेल्या भावंडांतील धाकटी, ती पंडिता रमाबाई. ह्या घरावर असें संकट कां यावें, ह्याचा जबाब आम्हांस देतां येत नाहीं. परमेश्वराचें वकीलपत्र आमच्याजवळ नाहीं. तें असल्याचा आव आणणें हा त्या मृतांचा अपमान होईल.

परंतु रमाबाईंनीं पुढें काय केलें, तें आपणांस पाहतां येतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, आणि तेथून शेंकडों निराश्रित मुली आणून त्यांस त्यांनीं आश्रय दिला. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतून वाढलें. त्यांच्या धर्मांतराविषयीं कोणाचें मत कांहींही असो, एवढें सर्वांस मान्य व्हावें. भुकेनें जिचें घर मोडलें, त्या बाईनें ईश्वरावरील विश्वास सोडला नाहीं. आणि उपाशी मुलीपुढें तिनें त्या विश्वासाचें नुसतें प्रवचनही केलें नाहीं. तिनें आधीं भाकरी वाढली.

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या लोकांनीं आळशी माणसाच्या थट्टेकरितां केली. परंतु आळशी मनुष्य फार तर स्वतः उपाशी राहतो. त्याहून वाईट तो, जो आपण जेवून हात धुतो, आणि दाराशीं उभ्या असलेल्यास सांगतो, ‘जा बाबा, देव देईल.’ देवावर हवाला टाकावयाचा तो स्वतःच्या गरजेचा. दुसऱ्याच्या गरजेचा हवाला देवानें उलट आपल्यावरच टाकलेला असतो.

हा हवाला माणसांनीं कसा पाळला व कसा मोडला, ह्याचा पुरावा इतिहासाच्या दप्तरांत आहे. १८७३-७४ सालीं बिहार प्रांतांत अवर्षण झालें, तेव्हां सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणविला व फारच थोडीं माणसें दगावलीं. परंतु खर्च फार केला म्हणून त्यांस दोष आला. पुढें १८७७ सालीं दक्षिणेंत दुष्काळ असतां त्याच अधिकाऱ्यानें दुष्काळी कामावरील मजुराचें धान्य दिवसास एका रत्तलावर आणलें. माणसें कशीं वांचवितां येतात, हें त्यांस बिहारांत कळलेलें होतें. तरी तें ज्ञान काटकसरीपुढें बाजूस पडलें. त्याच काळीं पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती मिळवून लोकांचे हाल सरकारपुढें मांडले. त्या सभेजवळ धान्याचीं कोठारें नव्हतीं. जें इतरांच्या नजरेआड राहिलें असतें तें तिनें नजरेसमोर आणलें, आणि हीही मोठी सेवाच होय.

त्या दुष्काळानंतर १८८० सालीं दुष्काळ-आयोगाचा अहवाल निघाला, व त्यावरून दुष्काळाचे नियम तयार झाले. परंतु नियम दप्तरांत असून भागत नाहीं. बंगालमध्यें १९४३ सालीं लाखों माणसें मेलीं; तेथील सरकारनें ह्या नियमांप्रमाणें दुष्काळ जाहीर केला नाहीं. गरिबाची धान्य मिळविण्याची ऐपतच नाहींशी झाली होती, असें अमर्त्य सेन ह्यांनीं आपल्या १९८१ सालच्या ग्रंथांत दाखवून दिलें. ह्याच्या उलट महाराष्ट्रांतील १९७२ चा दुष्काळ पाहा. पिकें गेलीं, विहिरी आटल्या. परंतु १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. खडी फोडणारे हात, सुकडी आणि मिलो ह्यांची आठवण सांगणारीं माणसें आजही आपल्यांत आहेत. हाल पुष्कळ झाले. तरी पूर्वीच्या दुष्काळांसारखा संहार झाला नाहीं. त्या अनुभवांतून १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २००५ सालीं त्याच धर्तीचा कायदा सर्व देशासाठीं करण्यांत आला. पाऊस माणसाच्या हातीं नाहीं. परंतु गरज वेळेवर ओळखणें, आणि ओळखल्यावर हात न आखडणें, ह्या दोन गोष्टी माणसाच्या हातीं आहेत.

कायद्यांत एक तत्त्व आहे. ज्यास एखाद्या गोष्टीची नोटीस पोहोंचली, त्याला पुढें ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हणतां येत नाहीं. परमेश्वराचें ज्ञान पूर्ण आहे. त्यांतील लहानसा अंश तो आपणांस कळवितो. तो अंश म्हणजेच नोटीस. आणि बंधूंनो, दुष्काळाची ही नोटीस गांवांत सर्वांच्या आधीं कोणास पोहोंचते? सरकारी नियमांत जीं पूर्वचिन्हें नमूद होतीं, त्यांत धान्याचा भाव चढणें, पत आखडणें, खासगी दानधर्म आटणें, माणसें व गुरें घर सोडून भटकूं लागणें, अशीं चिन्हें होतीं. ह्यांतील कोणतें चिन्ह आपल्या पेढीवरून व आपल्या बांधावरून दिसत नाहीं? पोत्यानें ज्वारी नेणारें गिऱ्हाईक शेरावर आलें, हें दुकानदारास कळतें. कोणाच्या घरचीं तांब्यापितळेचीं भांडीं गहाण पडलीं, हें सावकारास कळतें. कोणाची बैलजोडी बाजाराच्या वाटेला लागली, हें जमीनदारास कळतें. अधिकाऱ्याचा पंचनामा होण्याच्या किती तरी आधीं आपल्या खतावणींत दुष्काळाची नोंद होत असते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. बेदरच्या बादशहाचीं कोठारें त्यांच्या ताब्यांत होतीं. तीं त्यांनीं भुकेलेल्यांस खुलीं केलीं, आणि विठू महाराच्या रूपानें देवानें बेदरास जाऊन रकमेचा भरणा केला, असें कथाकार सांगतात. तिच्यांतील दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली, दामाजीपंतांनीं आधीं कोठार उघडलें, भरणा मागून झाला. आधीं तारण घेऊन मग कोठार उघडलें असतें, तर त्यास व्यवहार म्हटलें असतें, श्रद्धा नव्हे. दुसरी, ज्या माणसास त्या काळीं कोठाराच्या पायरीवर चढूं दिलें नसतें, त्याचेंच रूप देवानें घेतलें. मंडळाच्या वांटपांत जात, धर्म व गल्ली न पाहण्याचें ह्याहून सबळ कारण आम्हांस सांगतां येणार नाहीं.

‘आज दिलें, आणि उद्यां आमच्याच मुलाबाळांवर वेळ आली तर?’ ही भीति स्वाभाविक आहे. ती कोणी बोलून दाखविली तर आम्ही तिचा उपहास करणार नाहीं. परंतु परमेश्वर आपली गरज जाणतो ही श्रद्धा आपण खरोखर बाळगीत असूं, तर तिचा उपयोग करण्याची जागा हीच. गीतेच्या नवव्या अध्यायांत भक्तांचा योगक्षेम वाहण्याचें भगवंतांनीं आश्वासन दिलें आहे. नसलेलें मिळविणें हा योग, आणि असलेलें राखणें हा क्षेम, असा अर्थ आचार्यांनीं केला. व्यापाऱ्याचें सारें आयुष्य ह्या दोन चिंतांत जातें. त्यांतील थोडी चिंता देवाकडे सोंपविली, तर तेवढा हात दुसऱ्यासाठीं मोकळा होईल.

मंडळाचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पहिलें, ज्यास जें जमेल तें, धान्य, कडबा किंवा रोख रक्कम, द्यावें. नांव छापूं नये अशी इच्छा असेल तर तें छापलें जाणार नाहीं. दुसरें, जीं घरें मागावयास येणार नाहींत, त्यांची माहिती चिटणिसांस खासगी रीतीनें द्यावी, म्हणजे मदत त्यांच्या मागल्या दारानें व रात्रीच्या वेळीं पोहोंचवितां येईल. तिसरें मागणें सर्वांत कठीण आहे. थकलेल्या बाकीचा तगादा पुढील सुगीपर्यंत थांबवावा, आणि अडलेल्या माणसाचे बैल व जमीन पडत्या भावानें घेऊं नये. कायदा ह्या शेवटच्या गोष्टीस बहुधा आड येणार नाहीं, हें आम्ही वकील म्हणून जाणतों, आणि म्हणूनच ती आपल्या विवेकापुढें ठेवितों. पेरणीच्या वेळीं ज्याच्या दावणीस बैल नाहीं, त्याचा दुष्काळ पाऊस पडूनही संपत नाहीं.

परमेश्वर आपणां सर्वांचें जमाखर्चाचें पान वाचतो, छापलेलें आणि न छापलेलेंही. उपाशी माणसास त्यानें धीर द्यावा, आणि आपणांस जें कळलें आहे त्याप्रमाणें वागण्याची बुद्धि द्यावी, अशी आमची त्याच्या चरणीं प्रार्थना आहे. वर्गणीची वही चिटणिसांपाशीं ह्याच मेजावर आहे. सभा संपल्यावर ते उशीरपर्यंत येथें बसणार आहेत.