जुना ट्रॅक्टर आणि सत्तरीतला मालक



ऐन तरुणपणी, १९७५ ते ८० च्या सुमारास ज्यांनी ट्रॅक्टर घेतला, ते शेतकरी आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. आणि गावोगाव बघा, त्यातले कितीतरी ट्रॅक्टर अजून चालू आहेत. पिंजोरच्या कारखान्यातला एचएमटी झेटर २५११, म्हणजे दोन सिलिंडरचा, २५ हॉर्सपॉवरचा. महिंद्राचा बी २७५. मॅसी १०३५, आयशर, स्वराज ७२४. मोठी नांगरट आता दुसऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरनं होते. पण शेणखताची ट्रॉली, पाण्याचा टँकर, घरच्या दोन-चार एकरांची पाळी, ही कामं म्हातारा ट्रॅक्टर आणि त्याचा मालक मिळून आनंदानं करतात. हे ट्रॅक्टर भंगारात घालू नका, एवढंच मला मनापासून सांगायचंय, कारण ते नीट सांभाळले तर अजून बरीच वर्षं चालतील.

या यंत्रांचा मोठा गुण म्हणजे ती उघडी आहेत. बॉनेट उचललं की पंप, नोझल, फिल्टर, डायनॅमो सगळं डोळ्यांसमोर. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. त्यामुळे मालकाला आपल्या यंत्राची खडान्‌खडा माहिती असते. बदल झालाय तो मालकाच्या शरीरात. गुडघा वाकत नाही, मूठ पूर्वीसारखी आवळत नाही, बीपीच्या गोळीमुळे पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून कामाची वाटणी नव्यानं करायला हवी. बघणं, ऐकणं, वास घेणं, बोटांनी चाचपणं ही कामं तुमची. उचलणं, ओढणं आणि खाली शिरणं ही दुसऱ्याची.

सगळ्यात आधी एका धोक्याबद्दल बोलतो, कारण तो जिवावरचा आहे. जुन्या ट्रॅक्टरचा चावीचा स्विच कधीतरी दगा देतो. मग माणूस खाली उतरतो, मोठ्या चाकापुढे उभा राहतो आणि स्टार्टरच्या दोन नटांवर पेचकस आडवा टेकवतो. ठिणगी उडते, इंजिन चालू होतं. पण गिअर टाकलेला असेल, तर ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे निघतो आणि मागचं चाक उभ्या माणसावर येतं. गिअरमध्ये असताना स्टार्ट होऊ न देणारा सेफ्टी स्विच या ट्रॅक्टरांना बहुधा नसतो, किंवा असला तरी कुणीतरी केव्हाच काढून टाकलेला असतो. विशीतला पोरगा कदाचित उडी मारून सुटेल. सत्तरीतल्या माणसाला तेवढा अवधीच मिळत नाही. स्विच, सोलेनॉइड आणि त्यांची वायर बदलणं हे ऑटो इलेक्ट्रिशियनचं लहानसं काम आहे. ते याच आठवड्यात करून घ्या. आणि ट्रॅक्टर सीटवर बसूनच चालू करायचा, हा घरातल्या प्रत्येकासाठी नियम करा.

उतरतानाही घाई नको. औजार जमिनीवर टेकवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, स्टॉपची दांडी ओढून इंजिन बंद करा. मग मिनिटभर सीटवरच बसा, म्हणजे चक्कर येत असेल तर ती वरच कळेल. उतरताना तोंड ट्रॅक्टरकडे ठेवा, शिडी उतरतो तसं. पायरी उंच वाटत असेल, तर वेल्डरकडून तिच्याखाली आणखी एक खडबडीत पायरी जोडून घ्या. पायात बूट हवेत. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पावलांना अनेकदा चटका किंवा टोचलेलं कळत नाही, त्यांनी तर चप्पल घालून ट्रॅक्टरजवळ जाऊच नये.

आता देखभालीकडे येऊ. जुन्या इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धूळ, आणि तिला अडवणारा पहारेकरी म्हणजे एअर क्लीनर. या ट्रॅक्टरांना बहुतेक तेलाचा, म्हणजे ऑइल बाथ एअर क्लीनर असतो. त्याची खालची वाटी क्लिप किंवा नट सैल केला की हातात येते. वजन फारसं नाही, स्टुलावर बसून होणारं हे काम आहे. वाटीत बोट घाला. तेल पातळ आणि तळ गुळगुळीत लागला तर ठीक. तळाशी चिखलासारखा थर लागला, की तेल ओता, वाटी डिझेलनं धुवा, पुसून कोरडी करा आणि इंजिनात वापरता तेच तेल नेमक्या खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर थेंबभरही नको. जास्तीचं तेल हवेबरोबर ओढलं जातं, इंजिन त्या तेलावरच पळू लागतं आणि मग स्टॉपची दांडी ओढूनही थांबत नाही. पेरणीच्या आणि मळणीच्या धुळीत वाटी रोज बघा, एरवी दर १० तासांनी.

वाटी स्वच्छ असली तरी अर्धंच काम झालं. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप असतो, तो दाबून बघा. उन्हानं रबर तडकतं, क्लिप ढिली पडते, आणि न गाळलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. मग दोन हंगामांत लायनर-पिस्टनचा खर्च येतो. पाइप शाबूत आहे की नाही, याची एक साधी परीक्षा आहे. इंजिन मंद चालू ठेवा, वरची टोपी काढा आणि हवा आत जाण्याच्या तोंडावर सपाट लाकडी फळी धरा. तळहात लावू नका, ओढ जोरदार असते. इंजिन लगेच गुदमरून बंद पडलं, तर सगळे जोड घट्ट आहेत. चालूच राहिलं, तर हवा दुसरीकडून कुठून तरी शिरते आहे, ती जागा शोधा.

धूर आणि तेल हे तुमचे रोजचे खबरे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तेव्हा आधी एअर क्लीनर, मग नोझल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासायला लावा. सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना तेलाची पट्टी काढा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. पट्टीवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर तेल हुंगा. डिझेलचा वास आला तर पंपाकडून डिझेल तेलात उतरतंय, आणि असं पातळ झालेलं तेल बेअरिंग खाऊन टाकतं. या दोन्ही वेळी ट्रॅक्टर चालवायचा नाही, मिस्त्रीला बोलवायचं. नुसत्या नजरेनं आणि नाकानं हजारो रुपये वाचतात, आणि अनुभवी मालकाइतकं हे कुणालाच जमत नाही.

डिझेलची टाकी रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला की ट्रॅक्टर एअर घेतो. एअर काढायला ताकद लागत नाही, क्रम लागतो. आधी पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करा, हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंप. उलट्या क्रमानं गेलात तर तासभर पंप मारूनही एअर तशीच राहते. फिल्टर ज्यानं बसवला त्यानं त्याचं रबरी वॉशर नवं घातलं का, तेही विचारा, कारण पुन्हा पुन्हा एअर धरण्याचं ते नेहमीचं कारण असतं. मात्र चालू इंजिनाच्या नोझलजवळची गळती बोटानं कधीही चाचपू नका. तिथं डिझेल इतक्या दाबानं सुटतं की ते कातडीतून आत शिरतं. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, आणि आतून हात नासतो. असं झालं तर घरगुती उपाय नको, त्याच तासाला दवाखाना गाठायचा आणि दाबाखालचं डिझेल हातात शिरलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

आता खाली शिरायची गोष्ट. नुसत्या जॅकवर किंवा हायड्रॉलिकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कुणीच जायचं नाही, वय काहीही असो. हायड्रॉलिकचा एक सील फुटला की सगळं वजन खाली येतं. आधार म्हणून विटा रचू नका, वीट वजनाखाली अचानक फुटते. बाभळीचे किंवा सागाचे जाड ठोकळे आडवे-उभे रचा आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या लावा. मागचं चाक काढणं, क्लच प्लेटसाठी ट्रॅक्टर मधून फोडणं, ही कामं आता वर्कशॉपचीच. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर ते चाक दोन तरण्या माणसांनाही आवरत नाही, कलंडलं की कलंडलंच.

तुमच्या वाट्याची कामं मात्र सोपी करून घेता येतात. ग्रीसिंगच घ्या. पुढच्या ॲक्सलच्या मध्यभागी जो निप्पल असतो, त्याच्यासाठी दर वेळी जमिनीवर लोळावं लागतं, म्हणून तो हमखास राहतो आणि पिन-बुश खाल्ले जातात. मिस्त्रीला सांगून तिथून एक तांब्याची नळी बाहेरपर्यंत आणा आणि निप्पल तिच्या टोकाला बसवा. मग उभ्या उभ्या ग्रीस भरता येतं. हातातली ताकद कमी झाली असेल तर बॅटरीवर चालणारी ग्रीस गन मिळते. लांब दांड्याचे पाने, कपाळावर बांधायचा दिवा आणि कंबरेइतक्या उंचीचं एक टेबल, एवढं शेडमध्ये असलं की निम्मं वाकणं संपतं.

बॅटरीचं आणि टायरचं थोडक्यात सांगतो. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला. काढताना आधी निगेटिव्हची वायर, बसवताना ती शेवटी. आणि बॅटरी एकट्यानं उचलू नका, कंबर तिथंच धरते. टायरची हवा महिन्यातून एकदा गेजनं मोजा, लाथ मारून नव्हे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं रेडिएटर आतून बुजतो, म्हणून कूलंट वापरा किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घाला. गरम असताना झाकण उघडू नका.

पी.टी.ओ.बद्दल मात्र थांबून सांगायला हवं. तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. धोतराचा सोगा, उपरण्याचं टोक, साडीचा पदर त्यात अडकला, तर माणूस ओरडेपर्यंत ओढला गेलेला असतो. शाफ्टवरचं कव्हर बसवल्याशिवाय पंप किंवा मळणीयंत्र लावू नका, आणि फिरत्या शाफ्टवरून ओलांडून जाऊ नका. घरातल्या बायकांना आणि मुलांनाही हे तुम्हीच समजावून सांगा, ते तुमचं ऐकतील. आणि रुतलेलं वाहन ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. टॉप लिंकला बांधली की पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. या जुन्या ट्रॅक्टरांना डोक्यावर संरक्षणाची चौकट नसते.

आता सुट्या भागांकडे वळू. एचएमटीचे ट्रॅक्टर बनणं बंद झालं, इतर मॉडेलंही बदलली, त्यामुळे ‘पार्ट मिळत नाही’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. पण बऱ्याच वेळा शोधणारा चुकीची गोष्ट मागत असतो. दुकानात ट्रॅक्टरचं नाव सांगू नका, नंबर सांगा. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा ६२०५ असेल, तर ते आतून २५, बाहेरून ५२ आणि रुंदीला १५ मिलीमीटर. हे बेअरिंग ट्रॅक्टरलाच नाही, कितीतरी मोटारींना आणि पंपांना लागतं, आणि कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ऑइल सीलवरही तसेच तीन आकडे असतात, ३५-५२-७ असे. ते शाफ्ट, बाहेरचं घर आणि जाडी यांची मापं. फॅन बेल्टच्या पाठीवरही नंबर छापलेला असतो, तो पुसला जायच्या आत टिपून ठेवा. नट-बोल्टचंही लक्षात असू द्या. झेटरचे आटे मिलीमीटरचे, बी २७५ चे इंचाचे. जवळपास बसतो म्हणून इंची बोल्ट मिलीमीटरच्या आट्यात पिळला, की आटे गेलेच. सुताचे पाने आणि मिलीमीटरचे पाने दोन वेगळ्या पेट्यांत ठेवा.

ज्याच्याकडून जड कामं करून घ्यायची, असा जवळपासचा एखादा तरुण हेरून ठेवा. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलांना नवे ट्रॅक्टर माहीत असतात, जुन्या पंपाचा टायमिंग त्यांनी पाहिलेला नसतो. त्याला मजुरी पूर्ण द्या, शेजारी खुर्ची टाकून बसा आणि तुम्हाला माहीत आहे ते सांगत राहा. घरातला नातू किंवा नात शेजारी उभी असेल, तर पाना तिच्याही हातात द्या.

रस्त्यावर ट्रॅक्टर नेत असाल तर लायसन्स पाहा. वयाची ५५ वर्षं झाल्यावर त्याचं नूतनीकरण ५-५ वर्षांसाठीच होतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. ट्रॅक्टरच्या आर.सी.चंही १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल खिळीनं जोडलेले हवेत. अंधारात कमी दिसत असेल, तर संध्याकाळनंतर ट्रॅक्टर शेडमध्येच राहू द्या. आणि या ट्रॅक्टरांचा आवाज बऱ्याचदा ८५ डेसिबलच्या वर जातो, राहिलेलं ऐकू येणं टिकवायचं तर कानात बोळे हवेत.

एक दोनशेपानी वही घ्या. पहिल्या पानावर इंजिन नंबर आणि चासी नंबर. पुढच्या पानावर सगळ्या फिल्टरांचे, बेल्टचे, बेअरिंगांचे आणि सीलचे नंबर. मग तेल कुठलं, किती लिटर बसतं, शेवटचं केव्हा बदललं आणि तेव्हा तासांचं मीटर किती होतं. मीटर बंद असेल तर तारीख आणि केलेलं काम लिहा. चावी किती वेळ धरली की हिवाळ्यात इंजिन उठतं, तिसऱ्या गिअरला कुठला आवाज नेहमीचा आहे आणि कुठला नाही, हेही लिहा, कारण ते कुठल्याच माहितीपुस्तकात नसतं. लिहिताना हात कापत असेल तर तुम्ही सांगा, नातवाला लिहू द्या.