कृतज्ञतेचा पत्ता



माझी पत्नी गंभीर आजारातून उठली, हे इंदुरातल्या आपल्या मंडळींना ठाऊक आहे. म्हणूनच कृतज्ञतेवर बोलण्याचा आग्रह मला झाला असावा. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली. तेव्हा जे पाहिले तेवढेच सांगतो.

आजाराचे नाव गुलेन-बॅरे सिंड्रोम. १९१६ साली तीन फ्रेंच डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात रुग्ण वाढले, तेव्हा 'जीबीएस' हे नाव घरोघरी पोचले. पुष्कळदा साध्या जुलाबाचे निमित्त होते. जंतूंशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांतले बळ जाते आणि दुर्बलता वर चढत जाते. शुद्ध मात्र शाबूत राहते. हिला पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर लावावा लागला. घशात नळी, हातपाय निश्चल. हलत होत्या त्या फक्त पापण्या.

मी एका पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहून नेली. एकेका ओळीवर बोट ठेवायचे. हवी ती ओळ आली की तिने पापण्या मिटायच्या. मग त्या ओळीतले अक्षर, मग स्वर. 'क'पासून 'म'पर्यंत पाच ओळी, पाच रकाने. त्यांतले कोणतेही अक्षर जास्तीत जास्त दहा प्रश्नांत सापडते. ही मांडणी कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमाने आहे, हे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. जिचा कंठ आणि ओठ दोन्ही मुके झाले होते, तिच्या कामी तोच क्रम आला. तिचा पहिला शब्द होता 'पाठ'. कूस बदलून हवी होती. दुसऱ्या दिवशीचा शब्द होता 'जेवलात'. पुठ्ठ्यावर प्रश्नचिन्ह काढायचे राहिले होते, पण मला प्रश्न कळला.

तिला पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले. हे औषध माणसांच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून तयार होते आणि एका घाण्यात हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केलेला असतो. बाटलीवर कंपनीचे नाव होते, बॅच क्रमांक होता. दात्याचे नाव असणे शक्यच नव्हते. त्या हजारोंत कोणत्या जातीचे, कोणत्या भाषेचे लोक होते, कोण जाणे. तेविसाव्या दिवशी नळी निघाली. पुढचे आठ महिने फिजिओथेरपी चालली. आज ती चालते. ब्लाउजची हुके मात्र अजून मला लावावी लागतात.

भेटायला येणारे म्हणत, "देवाची कृपा!" त्यांचे प्रेम मी जाणतो. पण अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी देवासकडचे एक गृहस्थ बसत. डबा आला की मला अर्धी पोळी दिल्याशिवाय ते जेवत नसत. त्यांची पत्नी परतली नाही. तिच्यावर कृपा नव्हती, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्यासाठीही तेच डॉक्टर, त्याच सिस्टर्स रात्रभर जागल्या होत्या. आम्हाला जे मिळाले ते आमच्या पुण्याईचे बक्षीस मानले, तर त्या माणसाचे दुःख आपोआप शिक्षा ठरते. कृतज्ञतेने एवढे तरी पथ्य पाळावे.

मग हे ऋण कोणाचे मानावे? आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सगळ्यांना माहीत असतात. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे: मनुष्यऋण. आमच्या घरात आता ते सगळ्यांत जवळचे वाटते. डॉक्टरांचे आभार मानले, सिस्टर्सना दिवाळीचा फराळ पोचवला. त्या हजारो दात्यांचा पत्ता मात्र मला कधीच मिळणार नाही. ज्याचा सावकार सापडत नाही, असे ऋण पुढच्या गरजवंताला देऊनच फिटू शकते.

आपल्या देशात प्रकृती ठीक असेल तर अठरा ते पासष्ट वर्षांपर्यंत रक्त देता येते. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी. मी एकसष्ट वर्षांचा आहे. हाताशी चार वर्षे आहेत. या सभागृहात बसलेल्या तरुणांकडे त्याहून कितीतरी जास्त आहेत, एवढे लक्षात आणून देतो आणि आपली रजा घेतो.