मोटरीला आपला नंबर माहीत आहे का?

आम्ही केडगावच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय आहे मोबाईलवरून चालणाऱ्या यंत्रांचा.

थंड देशांत राहणारे आपले लोक घरी पोचायच्या आधीच मोबाईलवरून घर गरम करून ठेवतात. हे ऐकून आम्हाला आधी हसूच आलं. आपल्याकडं घर कोण गरम करतंय? थंडी पडली की शेकोटी, गोधडी आणि बंबातलं कढत पाणी. पण मग आमच्यातलीच एक म्हणाली, "अगं, आपल्या विहिरीवरची मोटर तरी दुसरं काय करते?" खरंच की! माणूस लांब, यंत्र जागेवर आणि मधे फोन. ते घर तापवतात, आपण कांद्याला पाणी देतो.

हे यंत्र कशासाठी आलं ते तुम्हाला सांगायला नको. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, तर कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन बांधानं जायचं. विंचूकाटा, साप, आता बिबट्याचीही भीती. गेल्यावर कळतं, लाईट आलेलीच नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची अशीच पायपीट पाहिली होती. त्यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र तयार केलं आणि 2009 साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आता अशी यंत्रं बऱ्याच कंपन्या बनवतात.

त्याचं काम समजायला सोपं आहे. स्टार्टरशेजारी एक लहान पेटी बसवतात. तिच्यात आपल्या मोबाईलसारखंच सिमकार्ड असतं. आपण त्या नंबरवर फोन लावायचा. लाईट आहे की नाही, मोटर चालू आहे की बंद, ते पेटी सांगते. मग ठरलेला आकडा दाबला की मोटर चालू, दुसरा दाबला की बंद. काही पेट्या लाईट आली की स्वतःच फोन करतात. विहिरीचं पाणी तुटलं आणि मोटर कोरडी फिरायला लागली, तर तिला बंद करणाऱ्याही पेट्या आहेत. पेटीतलं सिम मात्र चालू ठेवावं लागतं. रिचार्ज संपला की पेटी मुकी.

आता मुद्द्याची गोष्ट. ही पेटी कुणाचाही फोन ऐकत नाही. जे नंबर तिच्यात नोंदवलेत, त्यांचंच ऐकते. आम्ही गटात विचारलं, "कुणाकुणाच्या मळ्यावर मोबाईल स्टार्टर आहे?" बरेच हात वर झाले. "त्यात तुमचा नंबर कितीजणींचा आहे?" सगळे हात खाली आले. नंबर मालकांचा, नाहीतर पोराचा. मालक सुप्याच्या कंपनीत कामाला, पोरगा कॉलेजात. बारं द्यायला मळ्यात आपण, आणि मोटर बंद करायची तर आधी त्यांना फोन करायचा. त्यांनी उचलला नाही, तर पाणी फुटून शेजारणीच्या वावरात.

आणि यात नुसती गैरसोय नाही, जिवाला धोकासुद्धा आहे. आमच्या एका मैत्रिणीच्या मळ्यात उंदरानं स्टार्टरची वायर कुरतडली होती. लाईट गेलेली होती, म्हणून तिनं मेन स्विच न पाडताच झाकण उघडलं. तेवढ्यात लाईट आली. पेटीनं मालकांना फोन लावला आणि त्यांनी नेहमीसारखा आकडा दाबला. बायको तिथं उभी आहे, हे त्यांना कसं कळणार? खटकन आवाज झाला आणि मोटर सुरू झाली. हात वायरीपासून वीतभर लांब होता, म्हणून ती आज आमच्यात बसलेली आहे. दोघांचीही चूक म्हणता येत नाही. यंत्र फोन ऐकतं, पण समोर कोण उभं आहे ते त्याला दिसत नाही.

म्हणून आम्ही गटात तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, पेटीत आपला नंबर नोंदवून घ्यायचा आणि चालू-बंद करायला स्वतः शिकायचं. दुसरी, मोटरीला, पाइपाला किंवा विहिरीत कुणीही हात घालण्याआधी मेन स्विच पाडायचा, लाईट नसली तरी. वायरीचं काम वायरमनलाच करू द्यायचं. तिसरी, लांबून मोटर चालू करणाऱ्यानं आधी घरी एक फोन करून विचारायचं, "मोटरीपाशी कुणी आहे का?"

हाच नियम घरातल्या पाणी तापवण्यालाही लागू आहे. आता मोबाईलवर चालणारे प्लग मिळतात. त्यावर गिझर लावता येतो, पण प्लग 16 अँपिअरचा हवा. दोन किलोवॉटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर वीज ओढतो, 6 अँपिअरचा लहान प्लग तापून जळू शकतो. अर्थिंग नीट हवं आणि अंघोळीला जाण्याआधी गिझर बंद हवा. बादलीत सोडायचा रॉड मात्र अशा प्लगवर कधीच लावू नका. बादलीत पाणी आहे की नाही, आणि लहान लेकरू तिथं गेलंय का, हे फोनला दिसत नाही.

आपल्या जिल्ह्यात राळेगणसिद्धीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उन्हावरची वीज शेतीला मिळू लागली. ही योजना 2017 साली सुरू झाली. दिवसाची लाईट सगळीकडं आली, तर रात्रीची पायपीट कमी होईल. पण मोटर दिवसा चालो की रात्री, ती बंद करायचं बटण मळ्यात राबणाऱ्या बाईच्या हाती असायलाच हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी जेवताना घरात एवढंच विचारा, "आपल्या मोटरीत माझा नंबर आहे का?" नसला, तर उद्याच नोंदवून घ्या. पुढच्या बैठकीत आम्ही परत हात वर करायला सांगणार आहोत.