खाट, ताट आणि धोरण



 सरकारी संशोधनातून राष्ट्रीय आरोग्य धोरण कसे घडते, हा आपल्या अधिवेशनाचा आजचा विषय. मी फक्त क्षयरोगाविषयी बोलणार आहे. सरकारी संशोधनाने काय साधले आणि काय नजरेआड राहिले, हे दोन्ही या एका रोगात लख्ख दिसते.

एके काळी क्षयरोग्याला सॅनेटोरियमची खाट, विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न द्यायचे, ही सर्वमान्य रीत होती. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे सॅनेटोरियम जुन्या पिढीला आठवत असेल. पण देशात खाटा थोड्या आणि रोगी लाखांच्या घरात. त्यात १९५५ ते १९५८ या काळातल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीने दाखवून दिले, की क्षय हा केवळ शहरांचा रोग नाही, खेड्यांतही तो तितकाच आहे. खाटा वाढवून हा प्रश्न सुटणारच नव्हता.

१९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो एकत्रित उपक्रम. नेतृत्व ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स यांचे. कोणाला सॅनेटोरियममध्ये ठेवायचे आणि कोणाला घरी, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. औषधे दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर. घरचे रोगी दाटीच्या वस्तीत राहत होते, बेताचे जेवत होते. तरीही ते सॅनेटोरियमच्या रोग्यांइतकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जादा लागण झाल्याचेही दिसले नाही. १९५९ पासून हे निष्कर्ष छापून येऊ लागले. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम घरच्या उपचारावर उभा राहिला, आणि जगानेही हळूहळू तीच वाट धरली. स्वतंत्र भारतातल्या संशोधनाने जगाला दिलेली ही फार मोठी देणगी आहे असे मी मानतो.

याच सुमारास बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन हे संशोधक रोग्यांना शोधत खेड्यांत फिरले. रोगी अडाणी, दवाखान्यात येतच नाही, हा तेव्हाचा समज. निम्म्याहून अधिक रोगी आधीच उपचारासाठी जाऊन आले होते, असे त्यांना आढळले. खोकल्याचे औषध देऊन त्यांना परत पाठवले गेले होते. तेव्हा दोष व्यवस्थेचा निघाला, आणि साध्या दवाखान्यातच थुंकी तपासण्यावर भर आला.

आता नजरेआड राहिलेल्या गोष्टीकडे येतो. बेताच्या अन्नावरही औषध लागू पडते का, हे मद्रासने तपासले होते. लागू पडते, असे उत्तर आले. पण धोरणाने त्या उत्तराचा अर्थ प्रश्नापेक्षा मोठा घेतला. माणूस मुळात आजारी का पडला आणि त्याच्याच चुलीवर जेवणारे इतरजण आजारी पडतील का, हे त्या अभ्यासाने विचारलेच नव्हते. तरीही अन्न राष्ट्रीय कार्यक्रमातून कित्येक दशके जवळपास बाहेर राहिले. निक्षय पोषण योजनेतून रोग्याला आहारासाठी मिळणारे महिना ५०० रुपये सुरू व्हायला २०१८ साल उजाडले.

मद्रासचे ते केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. घरच्यांना अन्न दिले तर क्षय टळतो का, हे तपासणारा 'राशन्स' हा अभ्यास याच संस्थेच्या सहभागाने झारखंडच्या चार जिल्ह्यांत झाला. औषधाबरोबर शिधा सगळ्या रोग्यांना दिला. घरच्यांपैकी मात्र एका गटालाच माणशी महिना ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळाली. दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांवर लक्ष ठेवले गेले. ज्यांना शिधा मिळाला त्यांच्यात क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेतली रोग्याची रक्कम ५०० वरून १००० रुपये झाली. सरकारच्या या निर्णयाचे मी स्वागत करतो.

पण मित्रहो, क्षय टळला तो घरच्यांच्या ताटातल्या अन्नाने. वाढीव रक्कम रोग्याच्या खात्यात गेली, आणि घरच्यांचा शिधा निक्षय मित्र म्हणजे देणगीदार देतील, असे ठरले. देणगीदारांविषयी मला आदर आहे. पण गोळ्या कधी आपण देणगीवर सोडल्या नाहीत. अन्नाने रोग टळतो हे सिद्ध झाल्यावर तेही गोळ्यांच्याच रांगेत बसले पाहिजे.

आपल्यातल्या आशाताई, आरोग्यसेवक, वैद्यकीय अधिकारी रोज त्या घरांत जातात. रोग्याचे वजन आपण लिहितो, आता घरातल्या प्रत्येकाचे लिहू या. संशोधनाचा पुढचा प्रश्न त्याच नोंदींतून उभा राहील. आणि या अधिवेशनाने ठराव करावा अशी माझी विनंती आहे : क्षयरोग्याच्या प्रत्येक कुटुंबीयाला उपचाराच्या काळात रेशन दुकानातून जादा तांदूळ आणि डाळ हक्काने मिळावी, आणि त्याचा खर्च राष्ट्रीय कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात धरावा.